फांदीला ऊन किती द्यायचं? नाशिकच्या गच्चीवर काडीपासून रोप करायला शिकताना

मी पहिल्यांदा गुलाबाच्या काड्या लावल्या तेव्हा एप्रिल महिना होता. शेजारच्या काकूंनी छाटलेल्या गावठी गुलाबाच्या दहा चांगल्या काड्या मला दिल्या होत्या. झाडाला ऊन लागतं एवढंच ठाऊक होतं, म्हणून कुंडी उघड्या गच्चीवर ठेवली आणि ओल टिकावी म्हणून वर पारदर्शक पिशवी घातली. तिसऱ्या दिवशी पिशवी उचलली तर आतून वाफ आली. पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी झाली होती. दहाच्या दहा काड्या गेल्या. पुढच्या वेळी घाबरून कुंडी जिन्याखाली ठेवली. तिथे काड्या जळल्या नाहीत, पण पंधरा दिवसांत पानं पिवळी पडून गळाली आणि बुडाशी बुरशी आली.

ही दोन टोकं जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येतात. माती, पाणी, रूटिंग पावडर यांबद्दल सगळे सांगतात, उजेडाबद्दल फक्त ‘सेमीशेडमध्ये ठेवा’ म्हणून सोडून देतात. खरं तर तुटलेल्या फांदीतून नवं झाड उभं राहताना तिला उजेडाची गरज दर आठवड्याला बदलते, आणि काडीच्या खालच्या टोकाला जे हवं असतं त्याच्या नेमकं उलट वरच्या टोकाला हवं असतं. मुघल काळात ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत, तिथे राहून गुलाबाची काडी जगवता येऊ नये याची मला फार रुखरुख लागली होती. त्यानंतरच्या वर्षांत जे हाताला लागलं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: आपल्या जागेतला उजेड ओळखा

काडी तोडण्याआधी एक आठवडा फक्त जागा बघा. माणसाचा डोळा उजेड मोजायला अगदी वाईट साधन आहे, कारण बाहुली लहानमोठी होत राहते आणि आपल्याला सगळीकडे पुरेसं दिसतं. मे महिन्यात भर दुपारी उघड्या गच्चीवर १ लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो. दाट ढगांच्या पावसाळी दिवशी तोच १० ते २० हजारांवर येतो, कधी त्याहूनही खाली. आणि घरात खिडकीपासून सहा-सात फूट आत, जिथे आपण आरामात पेपर वाचतो, तिथे जेमतेम काहीशे लक्स असतात. ती जागा काडीच्या दृष्टीने काळोखच.

मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप मिळतात. त्यांचे आकडे अगदी काटेकोर नसतात, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरतात. ॲप नको असेल तर हाताची सावली बघा. कुंडीच्या वर फूटभर हात धरा. सावलीच्या कडा स्वच्छ, बोटं मोजता येतील अशा दिसल्या तर तो कडक उजेड. सावली पडते पण कडा विरघळलेल्या असतील तर तो मोकळा उजेड, आणि आपल्याला बहुतेक वेळा हाच हवा असतो. सावलीच पडत नसेल तर जागा बदला. सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार, अशा तीन वेळा बघून कागदावर टिपून ठेवा.

आता नाशिकची खास गोष्ट. आपण साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो. या मधल्या दोन महिन्यांत दक्षिणेकडच्या बाल्कनीत, वर स्लॅब असेल तर, दुपारचं थेट ऊन शिरतच नाही. तीच बाल्कनी डिसेंबरात बघा. दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो आणि सात फूट उंचीच्या उघड्या जागेतून ऊन साडेसहा फूट आत येतं. म्हणून ‘माझी बाल्कनी सावलीची’ हे वाक्य अर्धवट आहे, कोणत्या महिन्यात ते सांगायला हवं. दिवसाची लांबीही बदलते: जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरात सुमारे अकरा.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. झाडाखालची सावली आणि भिंतीची सावली सारखी नसते. कडुनिंबाच्या दाट पानांतून गाळून येणाऱ्या उजेडातला तांबडा भाग वरची पानं खाऊन टाकतात, आणि आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतितांबडा प्रकाश तेवढा खाली उतरतो. वनस्पतीत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते या दोन्हींचं प्रमाण ओळखतं. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर हे दाखवलं: तांबड्या प्रकाशाने बी रुजायला तयार होतं, लगेच अतितांबडा दिला की थांबतं, पुन्हा तांबडा दिला की पुन्हा तयार होतं. झाडाखाली ठेवलेल्या कोवळ्या फुटव्याला अतितांबडा जास्त मिळाला की ‘वर कोणीतरी आहे, उंच व्हायला हवं’ असा निरोप पोहोचतो आणि तो लांबट, लेचापेचा वाढतो. भिंतीच्या सावलीत मात्र आकाशाचा निळसर उजेड पोहोचतो आणि त्यात फूट आखूड, भरीव येते. म्हणून मला काड्यांसाठी आंब्याखालच्या जागेपेक्षा इमारतीच्या उत्तर बाजूची, वर आभाळ मोकळं असलेली जागा जास्त आवडते.

दुसरी पायरी: काडी पानांची आहे की बिनपानांची?

द्राक्ष, अंजीर, तुती, डाळिंब यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व, बिनपानांच्या काड्या आपली शिदोरी घेऊन येतात. त्यांच्या खोडात पिष्ट साठवलेलं असतं. मुळं फुटेपर्यंत त्यांना उजेडातून अन्न करायचं नसतं, म्हणून त्या सावलीत चालतात. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, शेवंती यांच्या हिरव्या काड्यांचं तसं नाही. त्यांचा साठा तुटपुंजा असतो. वरची दोन-तीन पानं उजेडात साखर बनवतात, आणि शेंड्यातून, कोवळ्या पानांतून ऑक्झिन हे संप्रेरक खाली झिरपत बुडाशी साठतं. या दोन्हींच्या जोरावर मूळ फुटतं. पानं सगळी काढली तर काडी उपाशी राहते. सगळी ठेवली तर त्यांतून पाणी उडून जातं, कारण उजेड मिळाला की पानांची रंध्रं उघडतात आणि पाणी ओढायला खाली मूळ नसतं. म्हणून दोन-तीन पानं ठेवायची आणि मोठी असतील तर कात्रीने अर्धी करायची.

अगदी पहिलाच प्रयत्न असेल तर पानफुटीचं एक पान घ्या आणि ओलसर मातीवर नुसतं आडवं ठेवा. मोकळ्या उजेडात काही दिवसांत पानाच्या कडेच्या खाचांमधून इवली रोपं निघतात. यात चुकण्यासारखं फार काही नाही आणि डोळ्यांसमोर सगळं दिसतं. मुलांना सोबत घेऊन करा.

तिसरी पायरी: बुडाला अंधार

मुळं अंधारात चांगली फुटतात. याचं एक कारण असं की नैसर्गिक ऑक्झिन, म्हणजे इंडोल ॲसिटिक आम्ल, प्रकाशात विघटित होतं. दुसरं, उजेड न लागलेल्या खोडाचा भाग पांढुरका, मऊ राहतो आणि त्यातून मूळ बाहेर पडायला सोपं जातं.

आपल्याकडचे जुने माळी बुडाला अंधार देण्याची ही युक्ती शास्त्रीय कारण न सांगता वापरत आले आहेत. गुटी कलमात फांदीची साल गोलाकार काढून ओलं शेवाळ बांधतात. पेरूच्या स्टूलिंगमध्ये झाड जमिनीलगत छाटून नव्या फुटव्यांच्या बुडाशी मातीची भर घालतात, आणि मातीखालच्या त्या काळोखात मुळं धरतात. गुटीला पारदर्शक प्लास्टिक बांधलं तर मुळं दिसतात हे खरं, पण वरून काळ्या कागदाचं किंवा गोणपाटाचं वेष्टण जरूर द्या, अधूनमधून सोडून बघता येतं.

घरी करण्यासारखा प्रयोग म्हणजे फांदी तोडण्याआधी तीन-चार आठवडे, जिथे कापणार त्या जागी दोन बोटं रुंद काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवणं. पट्टीखालची साल फिकट होते. मग नेमकं तिथेच कापायचं. सहज मुळं न धरणाऱ्या झाडांना याचा उपयोग होतो, गावठी गुलाबाला याची गरज नाही.

मनी प्लांट पाण्यात लावणाऱ्यांनी काचेच्या बाटलीला बाहेरून कागद गुंडाळावा. काच दिसायला सुंदर, पण उजेड पाण्यात शिरला की शेवाळ माजतं आणि बाटली हिरवी होते.

चौथी पायरी: पहिले तीन आठवडे

हिरव्या काड्यांना या काळात ५ ते १० हजार लक्स पुरेत. सावलीच्या भाषेत, हाताची सावली दिसावी पण कडा विरलेल्या असाव्यात. थेट ऊन द्यायचं नाही, अगदी सकाळचं कोवळंही पहिल्या आठवड्यात नको. गच्चीच उघडी असेल तर शेडनेट लागेल. दुकानात ‘५० टक्के’, ‘७५ टक्के’ म्हणतात तो आकडा किती ऊन अडतं याचा. पावसाळ्यात ५० टक्क्यांची जाळी पुरते, उन्हाळ्यात ७५ टक्क्यांखालीसुद्धा दुपारी जास्तच होतं. रंग निवडता आला तर पांढरी किंवा काळी जाळी घ्या.

पिशवी किंवा कापलेली पाण्याची बाटली काडीवर घालायची असेल तर एक नियम पक्का धरा: पिशवीच्या आत कधीही थेट ऊन जाता कामा नये. काचा बंद असलेल्या गाडीसारखी ती तापते. माझ्या दहा काड्या उजेडाने मेल्या नव्हत्या, त्या उष्णतेने शिजल्या होत्या. दिवसातून एकदा पिशवी उघडून हवा द्या.

महिना निवडायचा तर जुलै. हवेत दमटपणा, ढगांमुळे आपोआप गाळलेला उजेड, आणि गंगापूर धरण भरत असताना आपल्या कुंड्यांतही ओल टिकते. गुलाबाच्या काड्या मात्र मी पावसाळ्यानंतरच्या छाटणीतल्याही लावतो. थंडीत वेळ जास्त लागतो. निफाडकडे पारा फार खाली उतरतो त्या दिवसांत मुळं जवळजवळ थांबतात, तेव्हा घाई करून उपटून बघू नका.

पाचवी पायरी: पान फुटलं म्हणजे मूळ फुटलं नव्हे

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नवशिक्यांच्या सर्वांत जास्त काड्या इथे मरतात. बिनपानांच्या काडीवर दहा-बारा दिवसांत हिरवी फूट येते, आपण हरखतो, ‘लागली!’ म्हणून कुंडी उन्हात नेतो, आणि चार दिवसांत फूट मान टाकते. ती फूट काडीतल्या साठ्यावर आलेली असते. खाली मूळ नसतंच.

मूळ फुटलं हे कळायला सोपी युक्ती आहे. काडी पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासात लावा, तळाला भोकं पाडा, आणि तो ग्लास दुसऱ्या अपारदर्शक ग्लासात बसवा. आठवड्यातून एकदा आतला ग्लास उचलून बघा, पांढरी मुळं भिंतीला टेकलेली दिसतील. बघून झालं की लगेच परत अंधारात. ग्लास नसेल तर काडी दोन बोटांत धरून अगदी हलकं ओढा, आतून धरून ठेवल्यासारखा विरोध जाणवला की मुळं आहेत.

सहावी पायरी: उन्हाची सवय

मुळं दिसल्यावर उजेड टप्प्याटप्प्याने वाढवा. पहिले चार-पाच दिवस जागा तीच, फक्त पिशवी काढायची. मग सकाळी नऊपर्यंतचं ऊन तासभर. दर तीन दिवसांनी आणखी एक तास. गुलाब, जास्वंद, मोगरा यांना दोन-तीन आठवड्यांत पाच-सहा तासांवर नेता येतं. सावलीत तयार झालेली पानं पातळ असतात, कडक उन्हाचा बंदोबस्त त्यांच्याकडे नसतो, आणि जुनं पान बदलत नाही. उन्हाला तोंड देणारी पानं नव्याने यावी लागतात, म्हणून वेळ द्यायचा.

झाड सांगतं, ते वाचायला शिका. पानावर पांढरे-तपकिरी चट्टे, तेही उन्हाच्या बाजूला, म्हणजे घाई झाली. दोन पानांतलं अंतर वाढून फूट एका बाजूला झुकली, म्हणजे उजेड कमी पडतोय. निळ्या प्रकाशामुळे ऑक्झिन सावलीकडच्या बाजूला सरकतं, ती बाजू जास्त लांबते आणि शेंडा उजेडाकडे वळतो. कुंडी दर दोन दिवसांनी पाव फेरा फिरवा. गुलाबाची नवी पालवी तांबूस दिसते त्याची काळजी करू नका, ती तशीच असते.

नाशिकमध्ये एक सापळा दरवर्षी येतो. जुलैत लावलेल्या काड्या सप्टेंबरअखेर मस्त डवरलेल्या असतात, आणि मग एखाद्या आठवड्यात ढग निघून जातात, ऑक्टोबरचं टळटळीत ऊन पडतं. आपण कुंडी हलवलेली नसते, पण तिच्यावरचा उजेड अचानक कितीतरी पट झालेला असतो. नवरात्राच्या सुमारास शेडनेट पुन्हा बांधा आणि दिवाळीपर्यंत हळूहळू काढा.

खिडकीच नसेल तर

पांढऱ्या एलईडी ट्यूब चालतात, जांभळ्या दिव्यांची गरज नाही. २० वॅटच्या दोन ट्यूब शेजारी शेजारी, काड्यांपासून २० ते २५ सेंटिमीटरवर टांगल्या तर ५ हजार लक्सच्या आसपास मिळतात. १४ ते १६ तास चालू, बाकीचा वेळ बंद. अंतर वाढवलं की उजेड झपाट्याने घटतो, छताची ट्यूब उपयोगाची नाही.

शेवंतीला मात्र रात्रीच्या दिव्याचा वेगळाच अर्थ लागतो. तिला रात्र मोठी झाली की कळ्या धरायच्या असतात. म्हणून पॉलिहाऊसवाले मातृरोपांच्या वाफ्यांवर रात्री दिवे लावतात, म्हणजे फूट पालवीचीच राहते आणि काड्या मिळत राहतात. घरी सोपा मार्ग म्हणजे जून-जुलैत, दिवस मोठे असताना शेंड्याच्या काड्या लावणं. सप्टेंबरनंतर तोडलेल्या काडीत कळी आधीच बसलेली असू शकते, मग ती मुळांपेक्षा फुलाकडे लक्ष देते.

द्राक्षबागेतून शिकण्यासारखं

नाशिकमध्ये उजेड आणि नवी फूट यांचं नातं सर्वांत नेमकं कुणाला कळत असेल तर द्राक्षबागायतदारांना. माझे मामा दिंडोरीकडे बाग करतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते, वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे मांडवावरच्या आडव्या जुन्या खोडापर्यंत, कापली जाते आणि सगळी नवी काडी त्यातून येते. त्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे पेऱ्यांवरच्या मिटलेल्या कोंबांत, छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान, पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात घडतो. तेव्हा डोळ्यांवर आणि त्यांच्या पानांवर भरपूर उजेड पडला तर घड बनतो, डोळा दाटी-सावलीत राहिला तर तिथे घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, होते. छाटणी उशिरा झाली की हा काळ नेमका मृगाच्या ढगांत सापडतो. म्हणून मामा फेलफुटी (काडीच्या बगलेतल्या जादा फुटी) काढतात, शेंडा मारतात, काड्या पसरून बांधतात. ऑक्टोबर छाटणीआधी डोळे तपासून घ्यायची पद्धत याचसाठी आहे.

गच्चीवर एखादाच वेल असेल तरी हेच करा. मे-जूनमध्ये वेलाखाली उभं राहून वर बघा. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत असतील तर ठीक, सलग काळी सावली असेल तर काही फुटी काढा. मन होत नाही, पण काढा.

प्रयोगशाळेतून आलेलं रोप आणलंत तर

कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात डाळिंबाची आणि इतरत्र केळीची ऊतीसंवर्धित रोपं आता सर्रास लावतात. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवलं की ऑक्झिन जास्त असेल तर मुळं आणि सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक जास्त असेल तर कोंब येतात. ऊती वाढवायचं १९६२ चं मुराशिगे-स्कूग पोषक माध्यम आजही वापरात आहे. पण संप्रेरकं बरोबर असली तरी उजेडाचं वेळापत्रक लागतंच. केळीसारख्या, कापल्यावर काळ्या पडणाऱ्या ऊती सुरुवातीला बऱ्याचदा अंधारात ठेवतात, मग साधारण २५ अंश तापमानात १६ तास उजेड आणि ८ तास काळोख. तो उजेडही १ ते ३ हजार लक्स, म्हणजे आपल्या गच्चीच्या तुलनेत संधिप्रकाशच.

अशा बाटलीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट बसलेला नसतो आणि रंध्रं वेळेवर मिटत नाहीत. म्हणून रोपं हार्डनिंग झालेली, म्हणजे बाहेरच्या हवा-उन्हाला सरावलेली, आहेत का हे घेतानाच विचारा: किती आठवडे शेडनेटमध्ये होती, आणि शेवटचे दिवस उघड्यावर ठेवली होती का? उत्तर गुळमुळीत आलं तर रोपं घरी आणून आणखी दोन आठवडे ५० टक्के जाळीखाली ठेवा, सहाव्या पायरीतलं वेळापत्रक लावा, आणि लागवड संध्याकाळी करा.